ड्रायव्हरची सीट

युअन,
तुझ्या व्हॅनला अजून हॅडकचा वास येतो.
दोनदा ब्लीच घालून धुतली,
तरी हीटर लावला की
तुझ्या मासळीच्या पेट्या पुन्हा बोलू लागतात.
मॉर्व्हन म्हणते, असू दे,
दवाखान्याच्या वासापेक्षा बरा.

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सव्वासहा.
फ्रेझरबराच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यासमोर
इंजिन चालू ठेवून थांबते मी.
एकेक जण येतो टोपी नाकापर्यंत ओढून,
कुणी बघू नये म्हणून.
सगळं गाव पडद्याआडून बघतच असतं.
मग चाळीस मैल अ‍ॅबर्डीन.
जाताना कुणी बोलत नाही.
येताना सँडी बुकन
अंड्याच्या सँडविचवरून भांडण काढतो.
भांडतोय म्हणजे जीव शाबूत आहे,
एवढं मला आता कळतं.

एक सांगायचं राहिलं.
तुझी सीट मी पुढे घेतलेली नाही.
तू सहा फूट दोन, मी कशीबशी पाच.
शेवटचं उतरताना तू जिथे सोडलीस
तिथेच आहे.
पाठीशी दोन उशा कोंबते,
एक सोफ्यावरची, एक तुझ्या खोलीतली,
आणि क्लचपर्यंत पाय ताणते
लग्नात नाचायला उठलेल्या म्हातारीसारखी.
कंबर गेली.
डॉक्टर म्हणाले, बाई, नुसता एक खटका दाबायचा.
मी म्हटलं, बरं.
दाबला नाही.

पावाच्या रांगेत मागून कुणीतरी म्हणालं,
जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.
मी सुट्टे पैसे मोजत राहिले.
मेल्यावर तरी कुठे जाते?
तू गेलास, खोड माझ्याकडे ठेवून गेलास:
फोन वाजायच्या आधीच उचलायची,
पहाटे तीनला दार उघडून जिना बघायची.

त्या फेब्रुवारीत कडी मीच लावली होती.
लावा, असं समुपदेशकानं सांगितलं होतं,
पण हात माझा होता.
हे मी मीटिंगमध्येही बोललेले नाही.
तिथे मी चहा करते.

हे पुण्य नाही, युअन.
तू परत येणार नाहीस हे मला ठाऊक आहे,
मी वेडी नाही.
तरी मागच्या बाकावर कुणाला झोप लागली
की गाडीचा वेग आपोआप कमी होतो
आणि मी आरशात बघते,
छाती वरखाली होतेय ना.

डगी तीन आठवडे आला.
चौथ्या मंगळवारी वीस मिनिटं थांबले,
मग निघाले.
त्याच्या जागेवर आता पिशव्या ठेवतात.
बसत कुणी नाही.

आणि परवा, एलनच्या अलीकडे, धुक्यात
माझ्या पाठीत अशी उसण भरली
की गाडी कडेला घ्यावी लागली.
मॉर्व्हन म्हणाली, द्या किल्ली.
अकरा महिने झाले तिला. जिवंतपणी.
गेल्या महिन्यात लायसन्स मिळालं,
ते सगळ्यांना दोनदा दाखवून झालंय.
ती माझ्याहून बुटकी.
बसली, वाकली, खटका चाचपू लागली.
नको म्हणायला मी तोंड उघडलं
आणि ते तसंच राहिलं.
सीट हलेना. चार वर्षांचा गंज.
सँडीनं मागून गुडघा लावला, शिवी घातली,
आणि कर्रकन सगळी पुढे आली.

खाली काय होतं?
माशाचे वाळके खवले, एक बिनटोपणाचं पेन.
आणखी काही असेल असं वाटलं होतं का मला?
असेल.

उशा मांडीवर घेऊन मी शेजारी बसले.
त्या रस्त्यावरून समुद्र दिसतो
हे मी विसरलेच होते.
तिनं दुसरा गियर चुकवला,
गाडी उचकी लागल्यासारखी उडाली.
क्लच हळू सोड गं, मी म्हटलं,
अगदी त्याच आवाजात,
ज्याला तू वैतागायचास.

बंदरावर पोचलो. सगळे उतरले.
तिनं विचारलं,
सीट होती तशी मागे करून ठेवू?
मी म्हटलं, राहू दे.
मंगळवारी तूच चालव.