वर्षातून दोनदा

दाभोळच्या जेटीमागे, सोसायटीच्या बर्फ कारखान्यात,
जमाखर्चाच्या कपाटावर एक काळा डबा आहे.
आत लिनक्स. इम्तियाज होडेकरनं बसवलं
आणि पुढच्याच महिन्यात तो दोहाला गेला.
बर्फाची खोली तापली की डबा फोन लावतो.
कोणाला, ते एका फाईलीत लिहिलंय.
ती उघडायची वेळ वर्षातून दोनदा,
मासेमारीची बंदी लागताना, आणि उठताना.

यंदा मधेच आली.
रात्रपाळीचे भिकाजी डोर्लेकर फाल्गुनात गेले,
नि डबा त्यांनाच फोन लावत राहिला.

आधी व्हीआय उघडला.
आकडे टाकले, तर गिळून गप्प.
डी दोनदा दाबलं, तर आख्खी ओळ खलास.
बाहेर पडायला म्हणून जे जे दाबलं
त्याला तो टूं करून हसला.
शेवटी वायरच उपटली,
लादीत गोठलेला पापलेट उपटावा तशी.

इम्तियाज फोनवर म्हणाला, मावशी, शिका,
महिनाभरात बोटं कशी उडतील बघा.
चिपळूणचा भाचा म्हणाला, इमॅक्स घे,
त्यात पत्रंसुद्धा लिहिता येतात.
कोणाला लिहू?
मी धोपाव्याला जाते ती फेरीबोटीनं.
तिकीट काढते, कठड्याला टेकते,
सारंगाच्या हातातलं चाक मागत नाही.

मग नॅनो.
दिसायला किराणाच्या वहीसारखा,
पण पडद्याच्या तळाशी सगळं लिहिलेलं असतं.
टोपी घातलेला एक्स म्हणजे बाहेर.
(टोपी म्हणजे कंट्रोल, हे कळायला एक दुपार गेली.)
निघताना विचारतो, ठेवू का केलेले बदल?
असं विचारणारं माणूस
मी जेटीवर फारसं पाहिलं नाही.

डोर्लेकरांचा नंबर पुसायला बोट गेलं,
पुसवला नाही.
ओळीच्या पुढं ते जाळीसारखं चिन्ह असतं ना, ते टाकलं.
जाळीमागची ओळ डबा वाचत नाही,
पण ती असते.
खाली हर्णैच्या नव्या पोराचा नंबर.

दहा दिवसांनी डोर्लेकरीण आली,
हातात त्यांचाच फोन, रबरबँड लावलेला.
"काय वो, ह्यो आता रातचा वाजत नाय.
बर्फ बरा हाय ना?"

पोरगा म्हणायचा खरा,
मधेच कोणीतरी दार बडवतं, म्हणून मी उठतो.
मला वाटलं, कोणी दारुडा असेल.
दोन महिने हीच येत होती
बॅटरी घेऊन, घाटी उतरून,
बर्फ वितळतोय म्हणून सांगायला.

चहा दिला. बंदीबद्दल बोललो, डिझेलबद्दल.
ती गेल्यावर फाईल उघडली,
जाळी काढली.
दोन नंबर झाले, एकाखाली एक.
टोपीवाला एक्स.
ठेवू का?
ठेव.