तासाला दोन युनिट

मी लोकांचे मीटर वाचतो.
कुणाचा पंप रात्री गुपचूप चालतो,
कुणाचा एसी फक्त पाहुण्यांसाठी,
सगळं मला आकड्यांत कळतं.
म्हणून दापोलीच्या दुकानात तो हीटर पाहिला,
दोन लाल नळ्या, मागे चकचकीत पत्रा,
तेव्हा किंमत विचारलीच नाही.
उलटा करून पट्टी वाचली: दोन हजार वॅट.
तासाला दोन युनिट. रात्र नऊ तासांची.
शंभरापुढे दर कशा उड्या मारतो
हे माझ्याइतकं या बाजारपेठेत कुणाला माहीत?
"हप्ते करून देतो," दुकानदार म्हणाला.
हीटरचे देशील, बाबा.
बिलाचे?

पोरगी आठव्यातच आली.
पावणेदोन किलो.
हर्णैच्या लिलावात याहून मोठी सुरमई
बाजूला काढत नाहीत.
घरी सोडताना कागदाच्या तळाशी
वेगळ्या शाईत लिहिलेलं: बाळ उबेत ठेवणे.
उबेत म्हणजे किती, ते नव्हतं.

आणि यंदा थंडी पडली ती
आंब्याला हवी तशी.
समोरचे दाजी मुसलोणकर पहाटे मफलर गुंडाळून
कलमांखाली फिरतात, काडी काडी वाकवून बघतात.
"आजून आठ दिवस ऱ्हाऊं दे अशीच,"
वर बघून म्हणतात.
मी त्याच वेळी, त्याच आभाळाकडे
उलटा अर्ज टाकत असतो.
त्यांची कलमं साडेतीनशे.
माझं एक.

सल्ले फुकट होते.
पोल्ट्रीवाला हुसैन म्हणाला, शंभरचा पिवळा बल्ब टांग,
माझी पिल्लं त्याच्यावरच जगली.
तो बल्ब आता कुठल्याच दुकानात नाही.
सगळे एलइडी. लख्ख, आणि थंडगार.
काजू कारखान्यातली टरफलं पोत्याने मिळतात,
धग बरी, पण धूर डोळ्यांत चरचरतो.
कोळशाची शेगडी आत घेऊ, म्हणाली वसुमती,
तर मला बागेतला राखणदार आठवला, हर्कबहादूर:
दार बंद, शेगडी पेटती,
सकाळी ओढून बाहेर काढला.
जगला.
पण दोन दिवस स्वतःचं नाव विचारत होता.

मग जे हाताशी होतं ते.
खाट चुलीच्या भिंतीला सरकवली.
कौलांखाली जुन्या साड्या ताणून शिवल्या,
चिऱ्यांच्या फटींत कोंबले बिलांचे जुने गठ्ठे.
रात्री उशिरा चुलीत नारळाची सोडणं रचायची,
ती धुमसत राहतात, भिंत कोमट राहते
तीनपर्यंत.
तीन ते सात सुटेना.

आशाताई पालकर वजनकाटा घेऊन आल्या.
भिंतीला हात लावला, साड्या बघितल्या,
मग मला म्हणाल्या, शर्ट काढा.
ओसरीवर सासरे बसलेले.
मी कॉलरशीच खेळत राहिलो.
"काढा हो. तिनेच किती करायचं?
रात्रपाळी तुमची."
टोपी, लंगोट, एवढ्यावर पोरगी छातीवर ठेवली,
वरून वसुमतीची शाल, मागे गाठ.

तेव्हापासून तीन ते सात मी उताणा.
खोकायचं नाही. कूस नाही.
ती मुतते तेव्हा आधी मस्त गरम वाटतं,
मग बर्फ.
बाहेर कुठे पान गळालं तरी ऐकू येतं.
तिचा श्वास मोजतो, सवय म्हणून.
मध्येच एखादा चुकतो,
मी माझाही धरून ठेवतो,
मग तिचा येतो.

महिनाअखेर स्वतःच्या मीटरचा फोटो काढला.
वापर: सत्तेचाळीस.
मशीन तेवढंच दाखवतं.

परवा दाजी कुंपणावरून म्हणाले,
"काय रे, धरतंय का?"
मोहोराचं विचारलं की पोरीचं, कळलं नाही.
त्यांच्या मागे फांद्या तांबूस झाल्या होत्या.
म्हटलं, धरतंय.
दोन किलो शंभर.