लाइन गेल्यावरची बेरीज

बर्डीवरचा दुकानदार म्हणाला,
दोन केव्हीएचा घ्या न ताई, अख्खं घर चालते.
मी विचारलं, कोणाचं घर?
तो हसला. त्याला वाटलं, गंमत करतेय.

घरी येऊन वीजबिल पालथं केलं
आणि कोऱ्या बाजूवर लिहायला बसले.
फ्रिजच्या पाठीमागे मान घालून, मोबाइलच्या उजेडात
जळमटांखालची पट्टी वाचली: एकशे पन्नास.
कुलरची पट्टी गंजलेली,
ताट्यांना गेल्या उन्हाळ्याचा वास,
मोटारीवर चाचपडत सापडले एकशे नव्वद.
पंखे दोन, पंचाहत्तर पंचाहत्तर.
दिवे चार मिळून छत्तीस. त्यांचं काही नाही,
ते लग्नातल्या लांबच्या पाहुण्यांसारखे कुठेही मावतात.
टीव्ही साठ.
विहिरीवरचा पंप, अर्धा हॉर्सपॉवर, साडेपाचशे.
आणि बाबांचं ऑक्सिजनचं मशीन.
ते मी शेवटी लिहिलं,
का ते माहीत नाही.
साडेतीनशे.

चौदाशे शहाऐंशी.
जनरेटर दोन केव्हीए, म्हणजे धरून चला सोळाशे वॅट.
बसलं!
कागद बाबांपुढे नाचवला.

बाबा कोराडीला चौतीस वर्षं.
दोनशे दहा मेगावॅटच्या संचापुढे
रात्रपाळ्या काढल्या, काट्यावर डोळा ठेवून.
आता नाकात नळी,
एका वाक्याला तीन थांबे.
त्यांनी माझ्या बेरजेखाली नखाने रेघ ओढली
आणि तीन बोटं वर केली.

तीन काय?

"चालताना... साडेपाचशे.
उठताना... तिप्पट."
मोटार आहे न पोरी. जी मोटार
बसल्या जागेवरून उठते
ती आधी तिप्पट मागते.

बाबा खुर्चीतून उठतात, सात पावलांवरच्या संडासात जायला,
तेव्हा बोटावरच्या चिमट्यातला आकडा
कसा घसरतो, मला पाठ आहे.
ब्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. त्र्याऐंशी.
तरी हे गणित मला येत नव्हतं.

पंप खोडला. टाकी लाइन असताना भरून ठेवायची.
टीव्हीवर पेन नेला तर डोळे वटारले.
फ्रिज स्वतःच्या मर्जीने उठतो,
म्हणून त्याचे कायमचे साडेचारशे धरले.
बाकीच्यांना ओळीत उभं केलं:
आधी मशीन, एकटं. मग कुलर. मग फ्रिज.
बाराशे छत्तीस.

जनरेटर पोर्चमध्ये नको, म्हणाले. धूर.
मागच्या भिंतीपाशी, निंबाच्या पलीकडे,
खिडक्यांपासून लांब. वीस मीटर जाड वायर घेतली,
दुकानदार म्हणाला, एवढी कशाला.

उरले तीनशे चौसष्ट.
पौनीकरांची हर्षाली रात्री गच्चीवर अभ्यास करते,
लाइन गेली की टॉर्च दातात धरून.
एक पंखा, एक दिवा: चौऱ्याऐंशी.
भिंतीवरून वायर टाकली.
अजून दोनशे ऐंशी आहेत की बाबा,
आपल्या खोलीतला तिसरा पंखा?
"राहू दे. काठोकाठ... कधी चालवायचं नाही."
त्यांच्या फुप्फुसाच्या रिपोर्टवर
अडतीस टक्के लिहिलंय.

मे महिन्याच्या एका रात्री, पावणेदोनला, लाइन गेली.
मशीन किंचाळलं. सिलिंडर लावला,
अनवाणी मागे धावले, फरशी अजून गरम.
दोरी ओढली. पुन्हा. तिसऱ्यांदा धरलं.
मशीन, एकटं. थांबले. कुलर. थांबले. फ्रिज.
भिंतीपलीकडे हर्षालीचा दिवा.

आत आले तर बाबा जागे,
डोळे मिटून, कान मागच्या भिंतीकडे लावलेले.
लांब निंबाखाली इंजिनाचा आवाज
क्षणभर खाली बसला, मग सावरला.

"फ्रिज उठला," बाबा म्हणाले,
न थांबता.