कसलं कडू?

डॉक्टर कुडचडकरांनी रिपोर्टाची घडी घातली,
म्हणाले, आता थेंबसुद्धा नाही.
शांबाने मान हलवली.
बोरीच्या पुलापर्यंत एक शब्द नाही.
पुलाच्या मधोमध एवढंच म्हणाला,
"फ्रीजमध्ये सहा बाटल्या आहेत.
मडगावच्या त्या पोरांनी घरी उकळलेली बियर.
ती आता कोण पिणार?"

मी बँकेत एकतीस वर्षं लोकांच्या नोटा मोजल्या.
दारू म्हणजे मला त्याच्या शर्टाचा वास
आणि पाहुणे गेल्यावर धुवायचे ग्लास.

तरी त्या शनिवारी
सोप्यावर दोन खुर्च्या, मध्ये स्टूल.
त्याने ग्लास तिरका धरून ओतली,
शेवटी सरळ केला, वर दोन बोटं फेस,
आणि ग्लास माझ्या पुढ्यात.
"कशी आहे?"
"कडू."
"कसलं कडू?"

कसलं म्हणजे?

"कारल्याचं? मेथीचं?
मलेरियाच्या गोळीचं?
की संत्र्याची साल चावली की येतं, तसलं?"

मी पुन्हा घोट घेतला.
खरंच की, चार कडू चार जागी होते
आणि मी साठ वर्षं त्यांना एकाच शब्दात कोंबून ठेवलं होतं,
गल्ल्यातल्या चिल्लरीसारखं.

"साल," मी म्हटलं. "आणि मागून
उंड्याची करपलेली कड."
त्याने डोळे मिटले.
गळ्यातली गाठ वरखाली झाली.
घोट माझा होता, गिळला त्याने.

तेव्हापासून हे असंच.
गव्हाची बियर: पिकलेलं केळं, त्यात कुणी विसरलेली एक लवंग.
काळी: कढईच्या बुडाला लागलेला गूळ,
खरवडताना हातात येतो तो.
एक भिरंडं घातलेली आली, ती मला लगेच कळली.
दुपारच्या उन्हात वाळत घातलेल्या सोलांवरून
अनवाणी चालत गेल्यासारखी.
एक अगदीच पांचट निघाली.
मी "छान" म्हटलं, तर म्हणाला,
"खोटं बोलू नकोस, फेस बसलेला मला दिसतोय."

एप्रिलात कायतान सत्तरीहून हुर्राक घेऊन आला,
पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत,
वर्तमानपत्रात गुंडाळून, चोरीचा माल असावा तशी.
लिंबू, सोडा, मीठ,
मधोमध चिरलेली हिरवी मिरची.
बघतो तर शांबाच्या हातात सोलकढी
आणि ग्लास माझ्याकडे.
"दुनिया उलटी जाली मरे! आणि तू रे?"
"मी ऐकतो," शांबा म्हणाला.

फेणी मात्र जमेना.
मागच्या खोलीत गाराफांव आहे,
त्याच्या बापाने भरून ठेवलेला.
शांबा बोटभर ओततो, उजेडात धरून हलवतो,
कडेला मोती उठले की खूश.
मला नुसती आग.
"आगीच्या मागे बघ," तो म्हणायचा.
किती शनिवार मी आगीच्या मागे बघितलं.
झुआरीतून बार्जी गेल्या,
समोरच्या घरातल्या मालिका संपल्या.

आणि परवा दिसलं.
आईबरोबर काजूच्या डोंगरावर गेले होते, सात वर्षांची.
कोळंबीत बोंडू तुडवत होता एक माणूस,
पोटऱ्यांपर्यंत रस, माश्याच माश्या,
आणि मला तो वास इतका आवडला होता
की मी परकराचा कोपरा त्यात बुडवून
घरी येईपर्यंत हुंगत आले होते.

"काय?" शांबाने विचारलं. "काय आहे मागे?"
"आग," मी म्हटलं.

माझ्याकडे बघत राहिला.
कळलं असणार त्याला.
पण चाळीस वर्षं याच खुर्चीत
तो काय काय पीत होता, काय बघत होता,
ते त्याने तरी कुठे सांगितलं मला?

त्याने माझा रिकामा ग्लास उचलला,
नाकाशी धरला, जरा जास्तच वेळ.
"पुढच्या शनिवारी," म्हणाला,
आणि ग्लास धुवायला आत गेला.