वरची गाळणी, खालची गाळणी

ओविदिया बार्रिया बाईंनी कॉम्प्युटर आणला
बाजाराच्या चाकाच्या पिशवीत, घोंगडीत गुंडाळून,
आजारी कोकरू आणावं तसा.
पुंता अरेनासमध्ये त्या दिवशी वारा असा
की कोपऱ्याकोपऱ्यावर माणसांना धरायला
दोर बांधले होते.

"रात्री झोपले तेव्हा ठीक होता," त्या म्हणाल्या.
"सकाळी बघते तर याने कात टाकलेली.
नवा रंग, नव्या खिडक्या, वर 'स्वागत आहे' म्हणे.
माझ्याच घरात माझं स्वागत!"
आणि सीडीचा ड्राइव्ह गायब.

गायब म्हणजे, होता जागेवरच.
बटण दाबलं की ट्रे बाहेर यायचा,
चकती घेऊन आत जायचा,
गरगरायचा, हिरवा दिवा लुकलुकवायचा.
फक्त यादीत नाव नव्हतं.
सी होता, डी होता,
ई म्हणून हाक मारावी तर ओ द्यायला कुणी नाही.

मी नेहमीचे सोपस्कार केले.
केबल काढली, फुंकर मारली, परत खोचली.
ड्रायव्हर उपटला, पुन्हा लावला.
बंद केलं, चालू केलं
(जगातली अर्धी दुरुस्ती एवढीच असते,
उरलेल्या अर्ध्याचे मी पैसे घेतो).
पिवळा त्रिकोण हलेना.
खाली एक ओळ: कोड एकोणीस.

बाई स्टुलावर, कोट न काढता.
चकतीत भरतकामाचे नमुने होते,
शनिवारपर्यंत अग्निशमन दलाचे तेवीस बिल्ले:
शिडी, कुऱ्हाड, दोन ज्वाळा.
"ज्वाळा हातानेही जमतील," त्या म्हणाल्या,
"वेड्यावाकड्या झाल्या तरी ज्वाळाच.
शिडीचं तसं नाही."

सापडलं तेव्हा दिवे लागले होते.
रजिस्ट्रीच्या तळघरात,
आकड्यांच्या लांबलचक कुलपामागे, दोन नोंदी:
वरची गाळणी, खालची गाळणी.
सीड्या उतरवायचा कुठलासा जुना प्रोग्राम,
बाईही विसरलेल्या, कधीच काढून टाकलेला.
पण त्याने नेमलेले दोन पहारेकरी
ड्राइव्ह आणि सिस्टिमच्या मध्ये उभेच.
ज्याला विचारून सोडायचं तो मालकच नाही,
म्हणून कुणालाच सोडत नव्हते.

मी हे बाईंना सांगितलं, जमेल तसं.
त्या थोडा वेळ गप्प.
मग म्हणाल्या, "आमच्या मांसाच्या कारखान्यात हेच झालं होतं.
कंपनी विकली. नवे साहेब, नवी पाटी.
गेटवर मात्र सेगुंदो,
जुना शिक्का बघितल्याशिवाय आत घेईना.
आमच्या कार्डांवर नवा.
अख्खी पाळी बाहेर, जुलैच्या पहाटे.
त्याला कुणी कळवलंच नव्हतं."

"मग?"

"मग काय. मी गेले पुढे.
म्हटलं, सेगुंदो, घरी जा.
टोपी हातात घेऊन उभा राहिला बराच वेळ.
मग गेला."

मी आधी नक्कल काढून ठेवली.
मग वरची गाळणी डिलीट.
खालची गाळणी डिलीट.
नक्की का, असं यंत्राने विचारलं.
कालपासून त्याने कुणाला काही विचारायची
ही पहिलीच वेळ.
"हो म्हण," बाई म्हणाल्या.

ठिपके गोल गोल फिरत राहिले.
समोरच्या छपराचा पत्रा वाजला, थांबला, वाजला.
मग यादीत, डीच्या खाली,
काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने
ई.

पडद्यावर शिडी उमटली.
बाईंनी काचेला बोट लावून पायऱ्या मोजल्या,
अकरा. बरोबर आहेत म्हणाल्या.

पैसे मोजून दिले, वर रुबार्बच्या मुरंब्याची बाटली.
दारात वळून विचारलं,
"पुढच्या वेळी विचारेल का हा, करण्याआधी?"
मी काहीतरी सेटिंग सांगायला लागलो.
त्यांनी ऐकून घेतलं,
आणि दोराच्या बाजूने निघाल्या.

नक्कल अजून माझ्याकडे आहे.
दोन ओळींची फाइल, कुणाच्या कामाची नाही.
सेव्ह करताना नाव द्यावं लागतं,
म्हणून दिलं.
सेगुंदो.