लालचा पिवळा

ऐरोलीत, खाडीच्या बाजूला, चौथ्या मजल्यावर
दर सोमवारी साडेदहाला
आम्ही रंग ठरवतो.

हिरवा म्हणजे बरं चाललंय.
पिवळा म्हणजे लक्ष आहे.
लाल म्हणजे काय ते आता आठवावं लागतं,
अधिराज सर आल्यापासून
तो कुणी पाहिलेला नाही.

मी बॅकअप सांभाळतो. अकरा वर्षं.
बायको शेजारणीला सांगते,
हे कॉम्प्युटरची झेरॉक्स काढतात.
तसं बरोबरच आहे.

फेब्रुवारीत तीन नंबरच्या स्टोरेजची एक डिस्क गेली,
तिच्या शेजारची कण्हायला लागली.
मी लाल भरला.
सर म्हणाले, बोरकुटे,
प्रॉब्लेम घेऊन येऊ नका, सोल्यूशन घेऊन या.
सोल्यूशन अठरा लाखांचं होतं.
मग म्हणाले, पिवळा करा.

मी केला.
हे इथं स्वच्छ लिहून ठेवतो,
माऊस माझ्या हातात होता.

त्याच महिन्यात मजल्यावर प्लास्टिकची हिरवळ आली,
तिच्यावर बीनबॅग,
आणि भिंतीवर एक वाक्य, एवढ्या मोठ्या अक्षरांत
की जवळून वाचताच येत नाही.

नफिसानं मीटिंगमध्ये सरळ विचारलं होतं,
शेवटचं रिस्टोअर कधी करून पाहिलं?
घेतलेलं परत येतं का,
ते कुणी बघितलंय?
एसीचा आवाज ऐकू आला.
सर हसले. म्हणाले, तुझी एनर्जी मला फार आवडते.
जूनमध्ये तिनं राजीनामा दिला.
केक कापला, तिचं नाव चुकीचं लिहिलेला.

यूपीएसच्या खोलीत चिंतामण माधवी बसतात.
गाव राबाडा, निवृत्तीला सात महिने.
या बिल्डिंगखाली त्यांचं खाजण होतं,
कधी म्हणतात लिफ्टखाली, कधी पार्किंगखाली.
एकदा बॅटऱ्यांचे आकडे वहीत टिपता टिपता म्हणाले,
"बाप रातचा कंदील घेऊन बांधावर फिराचा.
खेकऱ्याचा बील दिसला का तयाच चिखल भराचा.
भरतीचा पानी कोनला ईचारून येत नाय."
सकाळी कुणाला सांगायचे का, मी विचारलं.
"कोनला सांगाचा? बांध त उबा हाय."

ऑगस्टातल्या एका गुरुवारी, पहाटे पावणेतीनला,
दुसरी डिस्क गेली, पाठोपाठ तिसरी.
नऊ वर्षांची बिलं, पुरवठादारांची,
स्क्रीनवर नुसत्या पांढऱ्या रेघा.
बॅकअप होता. पिवळा होता.
एप्रिलपर्यंतचं आलं,
पुढचं आलं नाही.

एकतीस तास आम्ही चौघं.
रात्री अकराला मी नफिसाला फोन लावला.
दुसऱ्या कंपनीतली बाई, तिला काय पडलंय,
पण तीन तास लाईनवर राहिली.
मागं तिचं पोर खोकत होतं.
एक्केचाळीस दिवसांची बिलं तिनं बोलत बोलत
एका विसरलेल्या टेस्ट सर्व्हरमधून काढून दिली.
'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाली नाही.
मी वाट पाहत होतो.

सर सकाळी दहाला आले, आंघोळ केलेले.
मीटिंग रूमच्या दारावर 'वॉर रूम' असा कागद चिकटवला,
फोटो काढला.
महिन्याभरात त्यांना काचेची ट्रॉफी मिळाली,
संकटकाळातल्या नेतृत्वासाठी.
ती आता सर्व्हर रूमच्या चाव्यांवर ठेवलेली असते.

आज सोमवार.
तीन नंबर अजून तोच आहे, ठिगळ लावलेला.
मी लाल भरला.

हे चुकून राहिलंय का, सरांनी विचारलं.
मी म्हणालो, हो.
मग म्हणालो, नाही.

कुणी बोललं नाही.
सर म्हणाले, बोरकुटे, पिवळा.
मी माऊस उचलला
आणि टेबलावरून त्यांच्या पुढ्यात सरकवला.

त्यांनी तो उलटा करून पाहिला,
खाली कुठं बटण असतं का, ते.