मापाची

पालथी झोपलीय दोरिंदा,
कांबादोसच्या दवाखान्यात.
खुंटीला ओला एप्रन, त्याच्या खिशात
तिसऱ्या मोजायची पितळी कडी.
बाहेर ओहोटी फुकट चाललीय.

ब्राइसची बोटं खांद्यात चाचपतात,
ती वाळूत चाचपते तश्शीच:
वरून मऊ, खाली कुठेतरी टणक.
चाळीस वर्षं दाताळं ओढलंय तिनं.

सुई कोरडी. केसाएवढं नुसतं पोलाद.
"औषध नाही, मग पैसे कसले घेतोस?"

तेवढ्यात खांदा लवतो.
डोळा लवतो तसा नव्हे;
हात लागताच शिंपला मिटावा
तसा, आतल्या आत, झटकन.
एक शिवी.
मग ऊब, पार कोपरापर्यंत.

"सापडली गाठ," ब्राइस म्हणतो.

उशीत तोंड खुपसूनच ती विचारते,
"मापाची आहे ना?
बारकी असेल तर सोड.
वाढू दे."